उतारावरची हाक

आमच्या गावामागच्या टेकडीवर फार जुन्या लोकांनी उभे केलेले दगड आहेत. कोणी उभे केले, कधी केले, धड कोणालाच माहीत नाही. बघायला येणारे मान वर करून बघतात आणि हटकून म्हणतात, हे माणसाचं काम नाही, परग्रहावरून कोणीतरी आलं असणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. अहो, दोर होते, लाकूड होतं, माणसाला दोन हात होते. परग्रहावरून कोण कशाला येईल दगड ढकलायला, त्यांना काय दुसरे उद्योग नाहीत? आत्या मात्र चिडायची नाही. ती एवढंच विचारायची, "आणि हाक कोण देत होतं, ते सांगतात का काही?"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. अवजड दगड हलवणं हा आमच्या घरचा धंदा, आजोबांपासूनचा. जिथे क्रेन शिरत नाही तिथे आम्हाला बोलावतात. बाबा पुढे राहून दगडाखाली ओंडके लावायचे, मी मागच्या दोरावर आणि आत्या हाक द्यायची. बाईचा आवाज दगडाच्या घरघरीत बुडत नाही, म्हणून आजोबांनीच तिला या कामाला लावलं होतं. गल्लीत सगळे तिला 'भोंगा' म्हणायचे, अर्थात तिच्या माघारी. घरात मात्र ती इतकं हळू बोलायची की मीठ मागितलं तरी दोनदा विचारावं लागायचं. गळा जपत होती म्हणे! आई वैतागायची, "घरात मांजर आणि गल्लीत भोंगा, काय म्हणावं या बाईला!"

दोरावरच्यांसाठी तिच्या हाका तीनच. 'ढील' म्हणजे दोर हळूहळू सैल सोडायचा. 'धर' म्हणजे आहे तिथे रोखायचा. 'ओढ' म्हणजे ओढायचा. आणि नियम एकच. दगड हलत असताना आत्याशिवाय कोणी चकार शब्द काढायचा नाही. बोट चेचलं तरी नाही. कारण एकजण जरी "अगं आई गं" म्हणाला, तरी बाकीच्यांच्या माना वळतात, माना वळल्या की हात ढिले पडतात, आणि दगड काही थांबून विचारत नाही.

त्या वर्षी टेकडीवरचा एक दगड कोसळला होता. तो खाली संग्रहालयाच्या आवारात आणायचा होता. रस्ता म्हणजे एक उतरती गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, मध्ये एक वळण. दगड एवढा की गल्ली जवळजवळ भरून गेली. खाली फळ्या, फळ्यांवर आडवे ओंडके, ओंडक्यांवर दगड. दगड पुढे सरकला की मागचा ओंडका मोकळा होतो, तो पुढे नेऊन पुन्हा दगडाच्या नाकाखाली घालायचा. हेच बाबांचं काम. मागून आम्ही पंचवीस-तीस माणसं दोर धरून, दगड धावू नये म्हणून. वळणापर्यंत दोराचा खांबाला वेढा दिलेला होता, जोर खांबावर जात होता. वळणानंतर खांब नव्हता. तिथून खाली फक्त आमचे हात.

आत्या बाजूच्या घरांच्या ओट्यांवरून चालत होती. तिला वरून पुढचंही दिसायचं आणि मागचंही. आम्हाला दगडाच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. आई खालच्या टोकाला एका दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"ढीऽऽल... ढीऽऽल... धर."

वळण पार पडलं. माझ्या तळहातांची सालं निघाली होती, पोटऱ्या थरथरत होत्या. पुढच्या माणसाच्या मानेवरून घाम टपटप गळत होता. सगळे जीव मुठीत धरून एकेक पाऊल टाकत होते. खाली फाटक दिसायला लागलं आणि मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "धर."

धरला. मग काही क्षण काहीच नाही. आणि मग त्याच सुरात, त्याच लांबीने, "ओऽऽढ."

ओढ? उतारावर? मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. उतारावर दगड मागे ओढायचा नसतो, हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं. दमलेल्या माणसांचा उरलासुरला दम त्यात जातो, आणि एकदा हात सुटले की सगळंच गेलं. मला असा राग आला की विचारू नका. ओरडून विचारावंसं वाटलं, अगं, काय चाललंय तुझं? पण नियम म्हणजे नियम. शिवी गिळली आणि ओढलं.

दगड हलला नाही.

"ओऽऽढ."

ना घाई, ना चढ-उतार. रोजचीच हाक. तिचा आवाज जरा जरी कापला असता तर आम्ही दोर टाकून पुढे पळालो असतो, हे मी आज शपथेवर सांगते. पण तो कापला नाही, म्हणून आम्हाला वाटलं, फळी सरकली असेल, ओंडका तिरका झाला असेल. कोणीतरी कण्हलं, कोणाची तरी चप्पल तुटली. दगड वीतभर मागे आला.

"धर. पाचर." बाजूच्या माणसाने पाचर ठोकली. पुढे काहीतरी खसफस झाली, धावती पावलं ऐकू आली आणि लांब गेली. आम्ही दोराला लटकलेले. पाचरीवर दगड फार वेळ राहिला नसता, उतार तेवढा होता.

"ढीऽऽल."

असं करत तिने आम्हाला फाटकाच्या आत नेलं. दगड सपाटीवर टेकला, सगळीकडून पाचरी बसल्या, तेव्हा मी दगडाला वळसा घालून पुढे आले. बाबा नव्हते. ओंडका वाहायला दुसराच माणूस होता, पांढराफटक पडलेला. त्याने सांगितलं. ओंडका तिरका बसला होता. तो लाकडी हातोड्याने ठोकून सरळ करायचा असतो. बाबांनी पायाने सारला. इतकी वर्षं काम करून सरावलेला माणूसच असला आगाऊपणा करतो! ओंडका फिरला आणि दगडासकट पावलावर चढला. बाबा तोंडावर पडले. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने आणि आईने त्यांना उचलून हॉस्पिटलात नेलं होतं.

आत्याकडे बघितलं, तर ती केव्हाच चालायला लागली होती. मी मागे धावले.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आई बाकावर बसली होती. कपड्यांवर रक्त. आत्याला बघितल्याबरोबर ती ताडकन उठली. आयुष्यभर आत्याला अहो-जाहो करणारी माझी आई, त्या दिवशी एकदम अगं-तुगंवर आली.

"आलीस? पोचला का तुझा दगड? पाठच्या भावाचा पाय चिरडत होता आणि तुझा सूर तसूभर हलला नाही! मी समोर उभी होते, तोंडात मूठ कोंबून उभी होते. तो शर्टाची बाही चावत होता, माझ्याकडे बघत होता. आणि तू? त्याला उचलून नेलं तरी तुझं आपलं 'ढील' चालूच! माणूस आहेस का कोण आहेस?"

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या त्या घरातल्या बारीक आवाजात विचारलं, "कुठे ठेवलंय त्याला?"

"ठेवलंय म्हणजे?"

"धाकट्याला. कुठे ठेवलंय? मला एकदा बघू दे."

आई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मीही. हळूहळू आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आईला समोरून बाबांचा चेहरा दिसत होता. आत्याला ओट्यावरून फक्त पाठ दिसत होती. पालथा पडलेला, न हलणारा, तोंडातून आवाज न काढणारा भाऊ.

"ताई," आई म्हणाली, "तुम्हाला वाटलं, ते गेले?"

"हलत नव्हता. नेताना मान लोंबत होती."

"ते नंतर शुद्ध गेली म्हणून. पण मग... गेले असं वाटलं, तर त्या लोकांना मागे ओढायला का लावलंत? सगळेच मेले असते की!"

आत्याला हा प्रश्नच कळला नाही. "अगं, मेला म्हणून काय त्याच्या अंगावरून दगड नेऊ?"

आई मटकन बाकावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. तेवढ्यात आतून अशी काही आरोळी आली की समोरची नर्स दचकली. डॉक्टरांनी जखमेला हात घातला होता. बाबा बोंबलत होते, डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पायाची बोटं गेली ती गेलीच, पण गळा शाबूत होता. नर्स दार उघडून दटावायला लागली, "अहो, जरा हळू!"

आत्या भिंत धरत धरत दारापाशी गेली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"ओरडू द्या त्याला," ती नर्सला म्हणाली. आणि मग आत बघून म्हणाली, "ओरड रे धाकट्या. आता ओरड."