हॅलोकाकांच्या कानातले दोन आवाज

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून टेलिफोनची खोली होती. तिथल्या ऑपरेटरला सगळे हॅलोकाका म्हणत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पण एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, एवढ्या भांडवलावर ते अख्खं इस्पितळ सांभाळत.

हा प्रोग्राम फुकट होता, त्याचा कोडही सगळ्यांना खुला. गणिताच्या एका मास्तरांनी तो सुरू केला. पुढे दुसऱ्या शहरातली एक ताई येऊन मिळाली आणि कामाला लागली. काका चुकीचे उच्चार पकडून द्यायचे. तिघं कधी भेटले नव्हते, पण रविवारी फोनवर तासन्‌तास गप्पा मारत. काकू म्हणायच्या, "माझ्याशी बोलताना हे सगळे शब्द कुठे जातात हो?"

मग ताईनं नवा आवाज बनवला. गोड, अगदी माणसासारखा. मास्तरांनी तो घेतला नाही. "आकडे गिळतो," एवढंच म्हणाले आणि तोंडात गुळणी धरून बसले. ताई विचारून विचारून थकली. शेवटी तिनं सगळ्यांसमोर, चर्चेच्या पानावर लिहिलं, "हा प्रोग्राम सगळ्यांचा आहे, की मास्तरांच्या घरचा?" मास्तरांनी कोडला हात लावायचा तिचा अधिकारच काढून घेतला.

काकांनी दोघांना एका फोनवर आणलं.

"मास्तर, ती सुधारेल हो. नेमकं कुठे चुकतंय ते सांगा तरी."

"सांगितलंय."

"एका ओळीत!" ताई उसळली.

"मला शाळा आहे, घरी आई अंथरुणाला खिळलीय. मी काय तुझा नोकर आहे?"

"आणि मी तुमची?"

काका मध्ये "अहो... अगं..." करत राहिले, तोवर दोघांनीही फोन आपटले.

ताईनं सगळा कोड उचलला, नवं नाव दिलं आणि वेगळी चूल मांडली. खुल्या कोडात तशी मुभा असतेच. निम्मी माणसं तिच्यामागे गेली.

काकांचं तोवर निभत होतं. पण इस्पितळानं नंबर शोधायची यंत्रणा बदलली. नवा पडदा मास्तरांच्या प्रोग्रामला वाचता येईना. ताईचा वाचायचा, पण एकोणपन्नास आणि एकोणसाठचं शेपूट गिळायचा. एकोणपन्नास म्हणजे पुरुषांचा वॉर्ड. एकोणसाठ म्हणजे शवागार.

एक मुलगी वडिलांची चौकशी करत होती. काकांनी फोन जोडला. थोड्या वेळानं तिचाच फोन परत आला. "शवागारात का जोडलंत?" ती रडत विचारत होती. वडील ठणठणीत होते. 

काकांनी तडक ताईला गाठलं. "काका, ती आकड्यांची खुबी मास्तरांनाच ठाऊक. मला वेळ लागेल."

मास्तर म्हणाले, "नवे पडदे तीच बघायची. मला नाही जमत."

"मग बोला ना तिच्याशी!"

"तिनं आधी बोलावं."

ताईलाही तसंच वाटत होतं. काकांनी दोघांपुढे हात टेकले.

आठवडाभरानं इस्पितळाचे साहेब खोलीत आले. आवाज फार मऊ होता. "काका, तुम्ही आता चौकशीच्या खिडकीत बसा. पगार तोच. तिथे त्रास नाही."

"तिथे फोन आहे का, साहेब?"

"नाही."

काकांनी कानातून वायर काढली. ती कुठे ठेवायची ते मात्र त्यांना सुचेना.