जुळलं, जुळलं

अंगठाछाप माणसाले कोणी फिंगरप्रिंट मागतलं तं तो काय करन? अंगठाच लावन. मी बी लावला. तोही कम्प्युटरच्या काचेले.

इतवारीत फ्लेक्स छापाच्या दुकानात मी मशीन चालवतो. वाढदिवस असो की तेरवी, बॅनर माह्याच हातून निघते. डिझाईन करते माही सून. तिचं लेकरू सात महिन्याचं, अंगावर पेते. त्याले घेऊन कन्हानवरून रोज इतवारीत येणं काही जमे ना. शेठ म्हणाले, "घरून करून पाहा, आठ दिवस. फाईली टायमावर मशीनवर आल्या तं ठीक. नाहीतं मले दुसरा माणूस पाहा लागन."

म्हणून रविवारी तिनं दुकानात येऊन सर्व्हर बसवला. म्हणजे असं, का तिनं घरून फाईल सोडली का ते कुलूपबंद रस्त्यानं सीधी दुकानात येऊन पडते, मधात कोणाले दिसत नाही. आधी शेठच्या कम्प्युटरवर करून पाहिला, मंग माह्या मशीनजवळच्या जुन्या कम्प्युटरवर पक्का केला.

सोमवारी सकाळी तिचा फोन. "मामाजी, मी पहिल्यांदा जोडून राहिली. हाच कम्प्युटर हाये का, असं इथं विचारून राहिलं. तुमच्या स्क्रीनवर फिंगरप्रिंट उघडून ठेवलं हाये, पाहा बरं."

मी अंगठा पॅन्टीले पुसला अन् काचेवर दाबला. "लावला वं. काही होऊन नाही राहिलं."

ती हासली. "तुमचा नाही, कम्प्युटरचा अंगठा. इंग्रजी अक्षरांची लाईन दिसते ना? मी वाचते, तुम्ही जुळवा. नाहीतं फोटोच पाठवा."

"फोटो कायले? मले दिसत नाही काय?"

इथंच गोम. मले इंग्रजी येतच नाही. तिसरीत शाळा सुटली, मराठी बी बोट ठेवून वाचतो. पण पोराचं लग्न जुळवाच्या टायमाले तिच्या बापाले सांगतलं होतं, दहावी नापास. लबाडीच कराची तं पास तरी सांगाव! पण पास म्हटलं असतं तं माहं तोंड पाहून कोणाले पटलं नसतं. तवापासून घरात इंग्रजी कागद आला का माहा चष्मा हरवते.

ती वाचत गेली, "मोठा क्यू, लहान जी, सात..." मी कीर्तनात बसल्यावानी मान हलवत "हो, हो" करत गेलो. शेवटी म्हणालो, "जुळलं, जुळलं. एकदम फिट."

दुपारी एक गृहस्थ बापाच्या तेरवीचं बॅनर न्याले आले. पाहातो तं माह्या कम्प्युटरवरचं फोल्डर रिकामं. शेठनं तिले फोन लावला, स्पीकरवर.

"पाठवलं ना शेठ! तीन बॅनर गेले."

"मंग कबुतरं घेऊन गेले काय?"

आता मी गप बसाव का नाही? पण गिऱ्हाईक समोर दिसलं का माही जीभ खाजवते. मी म्हणालो, "लेकराच्या दुधात घोळली असन फाईल." ते गृहस्थ तेरवीच्या दुखात बी हासले. फोनमंधी लेकरू रडून राहिलं होतं. तिनं ऐकलं.

शेठ म्हणाले, "बाई, उद्यापासून दुकानात या, नाहीतं राहू द्या."

"शेठ, दुसऱ्या कम्प्युटरवर गेलं म्हणाव तं तसं बी नाही होऊ शकत. मामाजीनं एकेक अक्षर जुळवलं हाये."

ज्यानं दुधाचा टोमणा मारला, त्याचीच तिनं साक्ष काढली. माहे कान असे तापले का त्यावर पापड भाजला असता.

"शेठ," मी म्हणालो, "मले इंग्रजी येत नाही. मी जुळवलंच नाही."

फोनवरून तिनंच विचारलं, "मंग मामाजी, बॅनरवर अक्षर उलटं आलं तं तुम्हीच पकडता ना?"

"आकारावरून पकडतो वं."

"मंग आकारच सांगा. पहिलं कसं हाये?"

"उभी काठी. डोक्यावर आडवी फळी."

"तो टी. माह्याकडं क्यू हाये, मटक्याले शेपटी."

पहिलंच अक्षर! तिथंच जुळत नव्हतं, अन् मी शेवटपर्यंत मान हलवली. तिन्ही बॅनर शेठच्या कम्प्युटरमंधी पडले होते, रविवारी करून पाहिलेला रस्ता तिकडंच राहून गेला होता. तिनं तो घरूनच माह्या कम्प्युटरकडं फिरवला. मंग मी भर दुकानात काठी, बदक, खुर्ची, उलटी छत्री असं सारं सांगत गेलो, अन् गिऱ्हाईक पाहात राहिले. आखरीले ती म्हणाली, "जुळलं."

शेठनं तिचे आठ दिवस कायम ठेवले. फोन ठेवताना तिनं विचारलं, "मामाजी, दहावीत कोणत्या विषयात नापास झाले होते तुम्ही?"

"दहावीत गेलो असतो तं सांगतलं असतं," मी म्हणालो. ती बी हासली, शेठ बी हासले.

दुधाची गोष्ट मात्र तिनं काढली नाही. मी बी नाही काढली. आता रविवारी ती लेकराले पाजून माह्या मांडीवर ठेवते अन् कामाले बसते. मी त्याले खेळवतो. साऱ्या गावाले हासवणारा माणूस, माफीचे दोन शब्द बोलाले गेलो का अजून माहा चष्मा हरवते.