थोरलीच्या नावावर धाकटीचं रक्त

बंदरातल्या कंटेनर यार्डात तिला सगळे घार म्हणायचे. तोंडावर घारबाई, पाठीमागे नुसती घार. दिवसभर ती उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसायची आणि खाली कोण कंटेनरच्या आडोशाला सिगारेट ओढतोय, कोण हेल्मेट काढून डोकं खाजवतोय, हे सगळं तिला वरून दिसायचं. मुकादम म्हणायचा, "देवाच्या नजरेतून सुटाल, हिच्या नाही." कंटेनर खाली ठेवताना ती आवाजसुद्धा होऊ द्यायची नाही. आपल्या हाताला तोड नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि विनयाशी तिचं फारसं कधी जमलं नाही.

पण ती क्रेनवर चढली ती काही उंचीच्या हौसेने नव्हे. तिला सोरायसिस होता. कोपरांवर, गुडघ्यांवर, मानेवर केसांच्या कडेने लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे, आणि सकाळी चादर झटकली की पडणारा कोंडा. आधी ती कपड्यांच्या दुकानात होती. एकदा एका गिऱ्हाइकाने तिने घडी घातलेला शर्ट दोन बोटांनी बाजूला सारला आणि दुसरा मागितला. बोललं कोणीच काही नाही. पण तिने महिन्याभरात दुकान सोडलं आणि क्रेन शिकायला नाव घातलं. वर केबिनमध्ये कोण मरायला बघायला येतंय? ऊन असो, थंडी असो, बाह्या मनगटापर्यंत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ उघडायची वेळ वर्षातून एकदा यायची. यार्डात सगळ्यांची तपासणी असायची. डोळे आणि कान तपासायला बाही वर करावी लागत नाही, रक्तदाबाचा पट्टा ती बाहीवरूनच बांधून घ्यायची. रक्त घ्यायला मात्र बाहेरच्या लॅबची माणसं यायची, मोठ्या शेडमध्ये रांग लागायची आणि चारचौघांत कोपर उघडं टाकून बसावं लागायचं. पहिल्याच वर्षी नंबर जवळ आला तशी घार रांगेतून निघाली आणि तडक कँटीनमध्ये गेली. तिची धाकटी बहीण तिथे स्वयंपाकाला होती; कँटीन ठेकेदाराचं, त्यामुळे तिथल्यांना तपासणी नव्हती.

"माझ्या जागी तू जाऊन दे."

"काय देऊ?"

"रक्त. आईबाप एकच ना आपले? मग रक्तही एकच."

"ताई, रक्त म्हणजे काय डबा आहे, तू विसरलीस आणि मी पोचवला?"

पण थोरलीपुढे धाकटीचं आजवर कधी चाललं होतं? दोघींची चेहरेपट्टी एक, अंगलट एक. ताईचं हेल्मेट डोक्यावर चढवून धाकटी रांगेत उभी राहिली, आणि लॅबच्या माणसाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अहवाल आला तो दृष्ट काढावी असा. पुढच्या वर्षी तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणि मग लबाडीची सवय होते तशी याचीही झाली. कमाल अशी, की घार तो अहवाल आपलाच असल्यासारखी आईला वाचून दाखवायची आणि वर फुशारकी मारायची. आईचा त्या कागदावर फार जीव. मुलींचे वडील पन्नाशीही न गाठता कामावरच्या जिन्यात छाती धरून बसले होते, ते उठलेच नाहीत.

अलीकडे घार क्रेनच्या शिडीवर मध्येच थांबायला लागली होती. कोणी विचारलं तर म्हणायची, वारा खातेय.

मग यार्डाच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. डोळे तपासताना त्यांची नजर घारीच्या मानेवर गेली आणि त्यांनी सरळ विचारलं, "सोरायसिस किती वर्षं आहे?" चोरी पकडल्यासारखी घारीने कॉलर वर ओढली. डॉक्टरीणबाईंनी तिचे जुने अहवाल एकेक करून पाहिले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हा आजार नुसता कातडीचा नसतो, बाई. आत सतत दाह चाललेला असतो. त्याने रक्तातली चरबी बिघडते. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि चांगलं असतं तेही कामचुकार होतं."

"कामचुकार म्हणजे?"

"रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर बसलेली चरबी उचलून यकृताकडे पोचवायची, हे त्याचं काम. दाह असला की कागदावर त्याचा आकडा बरा दिसला तरी उचलणं नीट होत नाही."

"क्रेन उभी आहे, पण हुक लागत नाही."

"अगदी बरोबर. म्हणून तर हृदयाला धोका. आणि तुमचं रक्त बघा. इतक्या वर्षांच्या सोरायसिसमध्ये मी असं रक्त पाहिलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी स्वतः समोर बसून घेणार आहे. हे कसं काय जमलं, ते मला शोधायचंय."

झालं. शिव्या खाऊन कोणी अडकत नाही असा कौतुकाने माणूस अडकतो. घार घरी आली ती पडेल चेहऱ्याने. धाकटीला सगळं सांगून म्हणाली, "आता काहीतरी सोंग काढायला हवं. त्या दिवशी रजा टाकते."

आयुष्यात पहिल्यांदा धाकटी ताईवर तुटून पडली. "रजा टाक, आणि मर. कँटीनच्या खिडकीतून मला शिडी दिसते, ताई. रोज बघते मी. वारा खातेस होय? बाबा जिन्यात बसले, तू शिडीवर बसणार, आणि आई माझं रक्त वाचत खूश होणार. मला नाही सोसत हे."

खरं सांगितलं तर केबिन जाणार, आणि केबिनशिवाय आपण म्हणजे दोन बोटांनी बाजूला सारलेला शर्ट, अशी घारीची खूणगाठ होती. नाही सांगितलं तर काय जाणार, ते धाकटीने सांगितलंच होतं. रात्रभर कुशी बदलून सकाळी ती दवाखान्यात गेली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, ते रक्त माझं नाही. बहिणीचं आहे. दर वर्षीचं."

डॉक्टरीणबाई आधी लाल झाल्या, मग हताश झाल्या. "अहो, ज्याच्यावर मी खूश होते ते एका निरोगी बाईचं रक्त होतं? आणि तुमच्या आत काय चाललंय, ते इतकी वर्षं कोणालाच माहीत नाही?" त्यांनी नर्सला हाक मारली. घारीने बाहीचं बटण घट्ट धरून ठेवलं.

नर्सने तिच्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "कोपर राहू द्या की. हाताच्या पाठीवरची शीर छान दिसतेय. इथून घेते."

हाताची पाठ स्वच्छ होती. तिथे कधी एक चट्टाही आला नव्हता. एवढं हेल्मेटचं नाटक, एवढी वर्षं, आणि विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. घारीला आपल्या अकलेची इतकी लाज वाटली, की सुई टोचलेलीही तिला कळली नाही.

अहवाल वाईट आला. वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं, चांगलं खाली गेलेलं, आणि हृदयाच्या तपासणीत एक वाहिनी अरुंद होऊ लागलेली. "वेळेवर आलात, गोळ्यांवर भागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आकडे ताळ्यावर येईपर्यंत वर चढायचं नाही."

मुकादमाने तिला खाली इशाऱ्याचं काम दिलं. दैवाची थट्टा बघा. इशारा करायचा म्हणजे भर उन्हात, सगळ्या यार्डाच्या मधोमध, दोन्ही हात डोक्यावर धरायचे. बाह्या घसरायच्याच. पहिले काही दिवस ती हात अर्धेच वर करायची, आणि वरचा बदली माणूस कंटेनर भलतीकडेच नेऊन ठेवायचा. तिसऱ्यांदा कंटेनर वाकडा बसला तेव्हा तिचं डोकं फिरलं. काम बिघडलेलं तिला चट्ट्यांपेक्षा जास्त झोंबायचं. तिने बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळल्या आणि हात सरळ आभाळात उभे केले.

एका खलाशाने घुटमळत विचारलं, "बाई, हे लागतं का हो दुसऱ्याला?"

"लागत असतं तर आधी मुकादमाला दिलं असतं," घार म्हणाली. सगळे हसले, मुकादमही हसला, आणि विषय संपला. ज्याला भिऊन तिने निम्मं आयुष्य काचेत काढलं, ते असं एका वाक्यात संपलं. तिला आनंद झाला आणि रागही आला.

मग तिने तब्येतीच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, आतला दाह शमवायला कातडीच्या डॉक्टरांचं इंजेक्शन, आणि पहाटे यार्डाला फेऱ्या. धाकटीने आईला सगळं खरं सांगितलं, ताईच्या ताटाचा ताबा घेतला आणि तळलेलं सगळं ताटाबाहेर काढलं. घार कुरकुरायची, पण खायची. चट्टे फिके पडत गेले. कोपरांवर थोडे राहिले, ते तिने राहू दिले.

पुन्हा रक्त घेतलं त्याचा अहवाल आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आवाज चढवला. "बाई, खरं सांगा. हे रक्त कोणाचं?"

"माझं."

"इतकं चांगलं? बहिणीला बोलवा."

धाकटी पदराला हात पुसत आली. नर्स सांगत होती की रक्त तिनेच घेतलंय, याच हातातून, पण डॉक्टरीणबाई एकदा पोळलेल्या, त्या ताकही फुंकून पीत होत्या. शेवटी धाकटीच म्हणाली, "माझं नाही हो, मॅडम. मी परवाच पहिल्यांदा स्वतःच्या नावावर दिलं. ताईचं ताटातलं तळलेलं इतके महिने मीच संपवत होते. माझं तिच्याहून वाईट आलंय."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना सही करायला थोडं थांबावं लागलं. घार हसली नाही. ती नुसती ताठ उभी होती, तोंडावर असा रुबाब, की जणू कोलेस्टेरॉल हा तिने स्वतः उचलून जागेवर ठेवलेला कंटेनर होता. बाहेर पडताना बहिणीला म्हणाली, "पहाटे माझ्याबरोबर फेऱ्यांना यायचं. उद्यापासून."

त्याच दुपारी ती शिडीशी आली. मुकादमाने काम थांबवलं नव्हतं, पण यार्डातला एकही माणूस काम करत नव्हता. धाकटी कँटीनच्या दारात येऊन उभी राहिली. घार चढू लागली. जिथे ती वारा खायला थांबायची ती पायरी आली आणि मागे पडली. तिने वेग वाढवला नाही, कमी केला नाही. वर पोचून तिने केबिनचं दार उघडलं, पण आत बसली नाही. कठड्यावरून वाकून, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने खाली सांगितलं, "धाकटे, आईला फोन कर. सांग, मी वर पोचले."