हद्दीबाहेरचं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या देवाला हद्द आहे. सिंधुदुर्गातल्या माझ्या गावाला एका अंगाला ओहोळ आणि दुसऱ्या अंगाला जुना वड. त्यामधल्या माणसांची आणि गुराढोरांची राखण तो करतो, असं लहानपणापासून ऐकत आले. गाव सोडताना त्याला सांगून निघायचं, परत आलं की आधी त्याच्या पायाशी जायचं. सिडनीला शिकायला आले तेव्हाही मी नारळ ठेवूनच निघाले होते. पण लॉकडाऊनच्या त्या हिवाळ्यात, टूनगॅबी उपनगरातल्या भाड्याच्या खोलीत देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावताना मनात यायला लागलं, की ओहोळापलीकडे ज्याची सत्ता नाही त्याला इतक्या लांबून हाक मारून उपयोग काय? मी नास्तिक झाले नव्हते. हात जोडत होते, पण पलीकडे कुणी आहे असं आतून वाटेनासं झालं होतं.

मी एका वृद्धाश्रमात केअररचं काम करते. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, भरवायचं, फिरवून आणायचं. इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून मी अर्ज करणार होते आणि त्यासाठी कामाच्या ठिकाणचं पत्र लागत होतं. ते पत्र तेव्हा मॅनेजरबाईंच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जी भित्र्यासारखी वागले त्याचं मूळ त्या कागदात होतं.

साथ वाढली तशी आमची दारं बंद झाली. भेटायला येणाऱ्यांना मनाई, बागेच्या फाटकालाही कुलूप. चौदा नंबरच्या खोलीत जोन नावाची आजी होती. तिला स्मृतिभ्रंश होता. तिचा नवरा लेन रोज सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या रस्त्यावर येऊन उभा राहायचा, पण जोनची खिडकी मागच्या बागेकडे होती, तिथून तो दिसायचा नाही. फोनमधला लेन तिला कळायचा नाही. आपल्याला सोडून तो गेला, एवढंच तिच्या डोक्यात बसलं आणि तिने जेवण टाकलं. बागेचं फाटक पंधरा मिनिटं उघडलं असतं तर लेनला बंद काचेपलीकडे उभं राहता आलं असतं. चहाच्या खोलीत आम्ही सगळ्याजणी हेच बोलायचो, आणि मॅनेजरबाई आत आल्या की हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचो. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनाही वरून हुकूम होते आणि त्याही घाबरलेल्याच होत्या.

पंधरा नंबरमध्ये माकचिक राहायच्या. माकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. त्यांची मुलगी वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये दिवसरात्र स्वॅब तपासत होती, तिनेच मला तशी हाक मारायला शिकवलं. खोलीत एक फोटो होता. लॉरीवर उभी राहिलेली एक सडपातळ बाई, हातात कागद, भोवती खचाखच माणसं. मला वाटलं गाण्याचा कार्यक्रम असेल. मी तसं विचारल्यावर माकचिक इतक्या हसल्या की त्यांना ठसकाच लागला. मग मुलीने फोनवर सांगितलं की फोटोतली बाई म्हणजे आईच, ती मलेशियातली मोठी कवयित्री आणि कादंबरीकार आहे, तिचे धडे मुलांना शाळेत असायचे. मी रोज जिचे केस विंचरत होते तिच्याबद्दल मला एवढंही ठाऊक नव्हतं, याची मला लाज वाटली.

त्यानंतर त्यांचे पाय चोळताना मी एकेक विचारत गेले. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे माझ्या भाषेत लिहिते आहे. पहिल्या कविता आईच्या भातलावणीवरच्या. मग बंदरावर मासळी सुकवणाऱ्या बायकांची कादंबरी. तिला सरकारने बक्षीस दिलं, आणि त्याच वर्षी सरकारने त्या बायकांची वस्ती उठवायला घेतली. माकचिक बक्षीस परत करून बुलडोझरपुढे जाऊन बसल्या. शिक्षिकेची नोकरी गेली, काही महिने तुरुंग झाला. तुरुंगात काय लिहिलंत, असं मी मोठ्या अपेक्षेने विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "भीतीने एक ओळ सुचली नाही. बरोबरच्या बायकांच्या वेण्या घालत बसायचे." आणि मग डोळे मिचकावत म्हणाल्या, "लोकांना वाटतं मी शूर. अगं, प्रत्येक सभेच्या आधी माझ्या तीन फेऱ्या व्हायच्या संडासाला!"

"मग बोलायचात कशा?" मी विचारलं.

"मागे माणसं उभी असायची ना. मी एकेकीचं दुःख वाचायचे आणि त्या 'हो' म्हणायच्या. एकटीने मी कधीच काही केलं नाही."

हे ऐकून मला आमचं गाऱ्हाणं आठवलं. मी त्यांना सांगितलं, की आमच्या गावात कुणाला अडचण आली की ती देवळात सगळ्यांसमोर मोठ्याने मांडतात. माझे बाबा गावचे मानकरी, तेच गाऱ्हाणं घालतात. ते एकेक वाक्य म्हणतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. माकचिकना ते फारच आवडलं. चारपाच वेळा म्हणवून घेतलं, उच्चार घोटला. मग विचारलं, "तू घातलंस कधी?" मी म्हटलं, आमच्याकडे बायका घालत नाहीत, मागे उभ्या राहून होय म्हणतात. त्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पलीकडच्या बाईचं गाऱ्हाणं मग कोण घालणार?"

मला राग आला. यांचं काय जातंय, असं वाटलं. यांना काही कुणाच्या सहीची वाट बघायची नव्हती. घरी जाऊन मी फोटोपुढे बसले आणि अगदी भांडल्यासारखी म्हणाले, तुझी हद्द इथवर असेल तर काहीतरी खूण दे, नसेल तर मला निवांत गप्प राहू दे. कसली खूण आणि कसलं काय. उदबत्ती जळून गेली आणि मी जेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोनने पाणीसुद्धा नाकारलं. चमचा ओठांशी नेला तर तिने तोंड फिरवलं आणि भिंतीला विचारलं, "लेन कुठाय?" मी वाटी तशीच घेऊन बाहेर आले आणि नेमक्या समोरून मॅनेजरबाई आल्या. मी म्हटलं, "जोन जेवत नाही." त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना कळवलंय." आणि निघाल्या. मी त्यांच्या मागे दोन पावलं गेले आणि बोलायला लागले. लेन रोज येतो हे सांगितलं. ती त्याची वाट बघत उपाशी मरते आहे हे सांगितलं. फाटक पंधरा मिनिटं उघडा, काच बंदच राहील, मी स्वतः तिथे उभी राहते, हेही सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर मी नकळत थांबत होते. बाबा थांबतात तशी. पण पलीकडून काहीच येत नव्हतं. कॉरिडॉर सुनसान होता, बाईंच्या कपाळाला आठी पडली होती, आणि मला वाटलं, संपलं, पत्रही गेलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "होय म्हाराजा!"

माकचिक वॉकर धरून आपल्या दारात उभ्या होत्या. तो आवाज ऐंशी वर्षांच्या बाईचा वाटत नव्हता. बंदरावर भोंग्याशिवाय हजार माणसांना ऐकू जायचा तोच असणार. मला रडू कोसळलं. समोरच्या खोलीतून नेपाळची सबिना हातमोजे काढत बाहेर आली, तिला काय चाललंय ते धड माहीतही नव्हतं. माझ्याकडे बघून बाईंना म्हणाली, "येस. शी इज राइट." मग लॉन्ड्रीवाली आली, मग किचनमधला माणूस ट्रॉली सोडून आला. कुणी आवाज चढवला नाही. नुसते एकेक करून "येस" म्हणत गेले. बाई आमच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लेट मी मेक अ कॉल."

दुपारी फाटक उघडलं. मास्क लावलेला लेन काचेपलीकडे आला, जोनने त्याला ओळखलं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तिने काचेवर हात ठेवला. नंतर मी अर्धी वाटी कस्टर्ड भरवलं. ती पुढे तीन आठवडे जगली, आणि त्या तीन आठवड्यांत लेन एकही दिवस चुकला नाही.

माझ्या पत्रावर त्या बाईंची सही झालीच नाही. त्या नोकरी सोडून गेल्या आणि मला आणखी वर्षभर थांबावं लागलं. नवल म्हणजे त्या वर्षात मी फारशी तळमळले नाही. गाऱ्हाणं घालून झालं की बाबा नमस्कार करून मागे सरतात, पुन्हा पुन्हा विचारत बसत नाहीत. पुढचं देवाकडे सोपवलेलं असतं. लहानपणापासून मी हे बघितलं होतं, पण त्याचा अर्थ मला त्या कॉरिडॉरमध्ये उभं असताना कळला. खूण मागितली होती ती मिळाली की नाही, यावर मी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडते.

जोन गेल्यावर मी सगळं बाबांना फोनवर सांगितलं. चार दिवसांनी माझ्या ब्रेकमध्ये, आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी माकचिकच्या खोलीत होते. साथीमुळे देवळाला कुलूप होतं, बाबा आणि पुजारी तेवढे बाहेर पायरीवर उभे होते. "गो बाय," बाबा म्हणाले, "गाऱ्हाणा घालतंय, पण होय म्हणूक कोण नाय. तू म्हण." मी माकचिकना समजावून सांगितलं. म्हटलं, तुमच्या धर्मात चालत नसेल तर मी बाहेर जाते. त्यांनी मला दटावलंच. "माझं मागणं मी दिवसातून पाच वेळा माझ्या जागी मागते. पण कुणाचा बाप एकटा उभा असेल तर त्याला 'हो' म्हणायला मला काय अडचण?"

बाबांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! साता समुद्रापलीकडे एक म्हातारी आसा. तुज्या लेकराच्या पाठीशी ती उभी रवली. तिच्या हातापायाक बळ दी आनि तिका तुज्या हद्दीत घे, म्हाराजा!"

माकचिकना त्यातलं अक्षर कळलं नाही. तरीही बाबा थांबल्याबरोबर, मी तोंड उघडायच्या आत, त्यांनी खणखणीत आवाजात "होय म्हाराजा" म्हटलं. मी त्यांचा हात घट्ट धरून बसले.