लाल टिक नसेल तर मशीन थांबवा

तुमच्या गावाला पाणी देणाऱ्या मोटरीचं पॅनल बिघाड झाला की कोणत्या भाषेत बोलतं? आणि जो माणूस ते चालवतो, त्याला ती भाषा वाचता येते का?

किन्हीराजाजवळच्या आमच्या गावात मोटर माझी आत्या चालवते. सकाळी मोटर लावायची, टाकी भरली की वॉल्व फिरवायचा. पंपघराची किल्ली कायम तिच्या कमरेला. मराठी ती घडाघडा वाचते, इंग्रजी नाही. पंपघरात पडद्याचं नवं पॅनल बसवायचं ठरलं तेव्हा उपसरपंच तिला म्हणाले, "बाई, आता कॉम्प्युटरचं काम हाये. तुमाले नाई जमलं त इंग्रजी येनारा मानूस पाहू."

ते पॅनल वाशीमच्या ज्या वर्कशॉपमध्ये बनत होतं, तिथेच मी प्रोग्राम लिहिते. मी तिथल्या तिथे ठणकावलं, "आत्यानं काहून इंग्रजी शिकावं? पॅनलच मराठीत बोलेल!"

ठणकावण्यात मी कधी कमी पडले नाही. बाबा पत्रकं लिहायचे. जयंतीची, शाळेत न येणाऱ्या मास्तरांची, विहिरीवरच्या हक्काची. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी अक्षरं शिकले. पण पत्रकात मागणी करणं वेगळं आणि प्रोग्रामच्या सी भाषेत ती पुरी करणं वेगळं, हे मला पॅनलनं शिकवलं.

प्रोग्राममध्ये पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मूळ इंग्रजीत असतं आणि त्याभोवती एक छोटीशी खूण घालायची असते. खूण असली की प्रोग्राम यादीतून त्या वाक्याचं मराठी शोधून आणतो. खूण विसरली तर इंग्रजी तसंच पडद्यावर. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर इतर चुकांवर लगेच ओरडतो, यावर मात्र गप्प. त्याच्या लेखी खुणेचं आणि बिनखुणेचं वाक्य सारखंच.

दाखवायच्या दिवशी पंपघरात गर्दी होती. 'मोटर चालू', 'टाकी भरली', आत्या एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती आणि मी फुलत होते. मग तिनं तपासायला म्हणून विजेच्या तीन फेजपैकी एकीचा स्विच खाली पाडला. मोटर बंद पडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली.

"हे कोन बोलून राह्यलं वं?" आत्या म्हणाली. "तुयं मराठी पॅनल सासरी गेलं का?"

सगळे हसले. उपसरपंच हसले नाहीत. "फेज गेली हे बाईले कळलं नाई आन् बटन दाबतच राह्यली, त मोटर जळन. आठ दिवस देतो. मंग किल्ली दुसऱ्याले."

वाईट म्हणजे त्यांचं बरोबर होतं.

मी सगळा प्रोग्राम ओळीओळीनं वाचला, सुटलेल्या खुणा घातल्या आणि झालं म्हणून जाहीर केलं. वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या दादानं सहज एक फाइल उघडली आणि आणखी एक बिनखुणेचं वाक्य दाखवलं. "डोयाईवर किती भरोसा ठेवशीन वं?" मी चिडले, आणि चिडल्यावर मला बाबांची पत्रकं छापणारे छापखान्यातले मशीनवाले काका आठवले.

काका पत्रकातला मजकूर कधीच वाचत नसत. प्रुफावर बाबांची लाल टिक आहे का, एवढंच पाहायचे. एकदा बाबांनी घाईत बिनटिकेचं प्रुफ दिलं. "अरे, मीच लिहिलं, मीच वाचलं!" "असन दादा. टिक कुठी हाये?" बाबा तणतणत लाल पेन्सिल आणायला गेले. टिक करायला कागद पुन्हा हातात घेतला, तेव्हा दिसलं की सभेची वेळच चुकली होती.

मला कंपायलरचा असाच मशीनवाला करायचा होता. खुणेतून गेलेल्या वाक्याला मी लाल टिकेसारखा वेगळा टाइप, म्हणजे प्रकार, दिला, आणि पडद्यावर लिहिण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याला, फंक्शनला, बजावलं: हा टाइप असेल तरच घ्यायचं. मग कंपायलर चालवला. एररच एरर, वरून खालपर्यंत! सुटलेलं एकेक वाक्य पकडलं गेलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "एरर आल्यावर नाचनारी पयलीच पाह्यली बाप्पा."

त्यात, ओळीओळीनं वाचूनही माझ्या नजरेतून सुटलेलं, फेजचं वाक्यही सापडलं. ते बिघाडांच्या तक्त्यात होतं. तक्ता प्रोग्राम सुरू होण्याआधीच तयार असावा लागतो, म्हणून यादीत शोधायला लावणारी खूण तिथे चालत नाही. पूर्वी कंपायलरनं ती नाकारली होती, तेव्हा मी वैतागून ती काढली, 'नंतर पाहू' म्हटलं आणि विसरले. तक्त्यासाठी नुसती नोंद करणारी दुसरी खूण असते. ती घातली, आणि मराठी शोधायचं काम वाक्य पडद्यावर जाताना केलं. एरर संपले.

आठव्या दिवशी आत्यानं पुन्हा स्विच पाडला. पडद्यावर ठळक मराठी: 'फेज अनुपलब्ध'.

"म्हंजे काय झालं?" आत्यानं विचारलं.

"एक फेज गेली."

"मंग तसं लिव्ह ना! 'एक फेज गेली. बटन दाबू नका.' अनुपलब्ध कायले? पत्रक वाटून राह्यली का मोटरीले?"

या वेळी सगळ्यात मोठ्यानं मी हसले. माझ्या कंपायलर-काकांनी टिक पाहिली होती. वाचणं माझं काम होतं. पंपघराच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले. आत्या सांगत गेली, मी लिहीत गेले. नवी यादी पॅनलमध्ये भरल्यावर उपसरपंचांनी स्वतः स्विच पाडून पाहिला, पडदा वाचला आणि म्हणाले, "किल्ली राहू द्या बाईजवळच." आत्यानं ती कमरेवरून काढलीच कुठे होती!

तुम्ही प्रोग्राम लिहीत असाल तर आपल्या डोळ्यांवर विसंबू नका. बिनखुणेचं वाक्य अडवायचं काम आजच कंपायलरला द्या. लिहीत नसाल तर उद्या सकाळी तुमच्या पंपघरात जा आणि मोटर चालवणाऱ्याला पॅनलवरचे बिघाड वाचून दाखवायला सांगा. जिथे तो अडेल ते वाक्य कागदावर उतरवा, पॅनल बनवणाऱ्याला पाठवा, आणि त्याचं मराठी मागा. मराठी कसं हवं, ते मात्र मोटर चालवणाऱ्यालाच विचारा.