चार मुठी पोहे

माझी लेक डिप्लोमॅट, पोस्टिंग युद्ध चाललेल्या देशात. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ती पोहे भिजवायची. माणशी दोन मुठी, हे मीच शिकवलेलं. ही मात्र चार घ्यायची. वर म्हणायची, "भूक लागते गं, आई!" मला काय खुळी समजते?

मग एम्बसी बंद झाली आणि ती इकडे अमेरिकेत, फ्रिस्कोला माझ्याकडे एकटीच परत आली. मी सरळ विचारलं, "तो कुठंय?"

"तिथंच. विमानात कुणाला घ्यायचं, ती यादी मीच करत होते. त्याच्यासाठी एखाद्या जखमीचं नाव खोडायचं होतं?"

सकाळी तिने चार मुठी पोहे काढले, थबकली, आणि दोन मुठी परत डब्यात टाकल्या.