दाखवायचा भात

मास्तर बोलताना ओठांत टाचण्या धरायचे. जिन्याच्या वळणावर थांबायचे, आणि कुणी पाहिलंच तर कठडा हलतोय का ते तपासल्यासारखं करायचे. चहा बशीने झाकून ठेवायचे, विसरायचे, मग गारच प्यायचे. तांदूळ मात्र हळू धुवायचे. दाणा मोडू नये म्हणून पाण्यात नुसती बोटं फिरवायचे, तान्ह्या बाळाचं डोकं धुवावं तशी.

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते शिंपीकाम करायचे. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मैत्री झाली. संध्याकाळी बोलायला दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं. मी साहित्य शिकले, म्हणून ते मला प्राध्यापकबाई म्हणायचे. नोकरी मिळत नव्हती तेव्हाही म्हणायचे.

घरात त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच त्यांना वाढवलं, भात शिजवायलाही शिकवलं. त्यांचा पहिला भात बघून ताई म्हणाल्या होत्या, ठेवून दे, भिंतीला कागद चिकटवायला होईल. हे मास्तर अजून सांगायचे आणि ताई अजून हसायच्या, अर्ध्या तोंडाने.

कारण मधे ताईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. गिळताना ठसका लागायचा. डॉक्टरांनी बजावलं, सगळं मऊ कुस्करून द्या, घशात अडकलं तर जिवावर बेतेल. ताईंनी समोरचा गिचका पाहिला आणि तोंड मिटलं. दोन दिवस त्या काही खाईनात.

मग मास्तरांनी एक तोड काढली. रोज कामावरून आले की लांब दाण्याचा तांदूळ धुवायचा, अर्धा तास भिजवायचा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळलं की मीठ, लिंबाचे थेंब, आणि वर तांदूळ. दाणा चिमटीत दाबून आत बारीकशी कणी लागली की लगेच चाळणीत ओतायचा आणि फडक्याखाली मुरू द्यायचा. ताटली ताईंपुढे ठेवायची. ताई डाव्या हाताने एक शीत उचलायच्या, उजेडात धरायच्या, मान हलवायच्या. मास्तर ताटली आत न्यायचे आणि तोच भात गरम पाण्यात कुस्करून आणायचे. ताई खायच्या.

सरळ मऊच का शिजवत नाही, असं मी विचारलं होतं. शेवटी तोच कुस्करला जातो, हे ताईंनाही कळत असणारच.

"कळतं की," मास्तर म्हणाले. "पण आधी भात तर व्हायला हवा. मग त्याचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू."

एकदा दुकानात सेल होता. त्यांना उशीर झाला, म्हणून मीच मऊ भात करून ताईंपुढे चमचा धरला. ताईंनी चमच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मास्तर आले आणि दारातच बुटांसकट खाली बसले. बराच वेळ उठले नाहीत.

"आजच्या दिवस खा ना गं," ते म्हणाले.

ताईंनी रिकाम्या ताटलीवर नख वाजवलं.

"बघा, प्राध्यापकबाई. हात एक चालतो, पण हुकूम दोन हातांचा." भिंतीला धरून ते उठले आणि पाणी चढवायला गेले.

परवा संध्याकाळी तेच नख मला वर ऐकू आलं. टक टक, थांबेचना. मी खाली गेले. मास्तर खुर्चीत होते, ओठांत एक टाचणी. मला वाटलं डोळा लागला. मी हळूच टाचणी काढून घेतली, तेव्हा समजलं.

शेजारी आले, दुकानातले लोक आले. मास्तरांना घेऊन गेले. मागे थांबलेली माणसंही दमलो, दमलो म्हणत जिना उतरली. ताई आपल्या खुर्चीतच होत्या, ताटली मांडीवर. कुणीतरी पेज आणली होती. ताईंनी तोंड उघडलं नाही.

मी आत गेले. ओट्यावर वाडग्यात तांदूळ भिजत होते, पांढरे झालेले, फुगलेले. एक दाणा चिमटीत घेतला तर त्याचं पीठ झालं. शेजारी अर्धं कापलेलं लिंबू, घडी घातलेलं फडकं, चाळणी. पातेल्यात पाणी मोजून ठेवलेलं होतं. फक्त शेगडी पेटवायची राहिली होती.